लिनक्सवर वाय-फाय वारंवार तुटत असेल तर: ड्रायव्हर, फर्मवेअर आणि जोडणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपवर लिनक्स बसवले, सगळे नीट चालले, पण वाय-फाय मात्र मध्येच तुटते, मंदावते किंवा झोपेतून उठल्यावर परत येत नाही, ही तक्रार नव्या-जुन्या सगळ्याच वापरकर्त्यांची असते. तिची कारणे अनेक असली तरी ती शोधण्याची पद्धत बरीचशी ठरलेली आहे. पुढची उत्तरे त्या पद्धतीने रचली आहेत. कमांड, मोड्यूल (म्हणजे गरजेनुसार लोड होणारा ड्रायव्हरचा भाग) आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करावी लागतील. वायरलेस इंटरफेसचे नाव येथे ‘डब्ल्यूलॅन०’ असे धरले आहे. तुमच्या संगणकावर ते ‘डब्ल्यूएलपी२एस०’ यासारखे असू शकते आणि ‘आयडब्ल्यू डेव्ह’ ही कमांड दिल्यावर ते दिसते.

वाय-फाय ‘तुटते’ म्हणजे नेमके काय होते, हे कसे ओळखावे?

पहिल्या प्रकारात लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला रेडिओ दुवाच तुटतो. दुसऱ्या प्रकारात दुवा टिकून असतो, सिग्नलच्या पट्ट्याही पूर्ण दिसतात, पण माहिती पुढे सरकत नाही. तिसऱ्या प्रकारात वाय-फाय अगदी ठणठणीत असते आणि राउटरच्या पलीकडची फायबरची लाइन किंवा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) अडलेले असते. या तिन्हींना आपण ‘नेट गेले’ असेच म्हणतो, आणि त्यामुळे राउटरच्या पलीकडच्या बिघाडासाठी लोक ड्रायव्हर बदलत बसतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. ‘आयपी रूट’ या कमांडने राउटरचा पत्ता पाहावा. एका टर्मिनलमध्ये त्या पत्त्याला आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ ला, पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवावे आणि नेहमीचे काम करत राहावे. राउटरचे पिंग काही मिलिसेकंदांत सुरळीत येत असेल आणि फक्त बाहेरचे थांबत असेल, तर दोष तुमच्या लिनक्समध्ये नाही. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. दोन्ही पिंग चालू असताना संकेतस्थळे उघडत नसतील, तर डीएनएसची सेटिंग तपासावी. राउटरचेच पिंग अधूनमधून शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत उडत असेल किंवा पूर्ण बंद पडत असेल, तरच पुढचे प्रश्न तुमच्या कामाचे आहेत.

माझ्या लॅपटॉपमध्ये कोणती चिप आहे आणि तिला कोणता ड्रायव्हर चालवतो, हे कुठे दिसेल?

आतल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड द्यावी. नेटवर्क कंट्रोलरच्या नोंदीखाली चिपचे नाव, चौकटी कंसातला दुहेरी क्रमांक आणि ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या शब्दांपुढे ड्रायव्हरचे नाव येते. यूएसबी अडॅप्टरसाठी ‘एलएसयूएसबी’ आणि ‘एलएसयूएसबी -टी’ या दोन कमांड पुरतात. त्या क्रमांकाचा पहिला भाग उत्पादकाचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस आणि १४सी३ म्हणजे मीडियाटेक. यूएसबीवर रिअलटेकचा क्रमांक ०बीडीए असा असतो.

लॅपटॉपच्या किंवा अडॅप्टरच्या नावावर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगतो. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या खेपेत वेगवेगळी कार्डे बसवलेली असतात. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, तर दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची चिप आली. खोक्यावरचे मॉडेलचे नाव तेच राहिले, पण लिनक्सच्या दृष्टीने ती दोन पूर्णपणे वेगळी यंत्रे आहेत. पहिल्या आवृत्तीविषयी वाचलेला उपाय दुसरीवर चालणार नाही.

ड्रायव्हरची आवृत्ती कशी पाहावी?

येथे विंडोजची सवय बाजूला ठेवावी लागते. लिनक्समधले बहुतेक वायरलेस ड्रायव्हर कर्नलचाच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचाच, भाग असतात. त्यांना स्वतःचा वेगळा आवृत्ती क्रमांक नसतो, किंवा असला तरी तो वर्षानुवर्षे बदललेला नसतो. ‘एथटूल -आय डब्ल्यूलॅन०’ अशी कमांड दिली की ‘व्हर्जन’ या शब्दापुढे सहसा कर्नलचाच क्रमांक दिसतो, कारण ड्रायव्हरची आवृत्ती तीच असते. त्याखालची फर्मवेअरची ओळ मात्र महत्त्वाची आहे, कारण फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) ही वेगळी फाइल असून ती कर्नलपासून स्वतंत्रपणे बदलते.

त्यामुळे कोणत्याही चौकशीआधी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: चिपचा क्रमांक, ड्रायव्हर मोड्यूलचे नाव, ‘यूनेम -आर’ या कमांडने मिळणारी कर्नलची आवृत्ती आणि फर्मवेअरची आवृत्ती. यांतली एक जरी गाळली तरी दुसऱ्याचा अनुभव आपल्याला लागू पडतो की नाही, हे कळत नाही.

एक बारकावा लक्षात ठेवावा. लिनक्सची काही वितरणे (डेबियन, उबुंटू यांसारख्या तयार प्रणाली) कर्नलचा क्रमांक जुना ठेवून नव्या कर्नलमधले वायरलेस ड्रायव्हर त्यात आणून बसवतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चा कर्नल ५.१४ असे सांगतो, पण त्यातला वायरलेसचा भाग मूळ ५.१४ पेक्षा बराच पुढचा असतो. म्हणून मूळ कर्नलच्या क्रमांकावरून काढलेला निष्कर्ष अशा वितरणांवर ताडून पाहावा.

नवीनतम ड्रायव्हर कुठून डाउनलोड करावा?

बहुतेकांना त्याची गरज नसते. चिपला आधार देणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल, तर ड्रायव्हर नवा करणे म्हणजे कर्नल नवा करणे. रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये प्रवेश ५.२ या आवृत्तीत, २०१९ मध्ये झाला. आरटीएल८८२१सीई या स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणाऱ्या चिपला त्यात आधार मिळाला तो ५.९ मध्ये, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरात. आरटीडब्ल्यू८९ हा पुढचा ड्रायव्हर जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये आला. मीडियाटेकच्या एमटी७९२१ साठी ५.१२ पर्यंत थांबावे लागले.

आता याच तारखा वितरणांच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. डेबियन ११ ऑगस्ट २०२१ मध्ये ५.१० कर्नल घेऊन आले, म्हणून त्याच वर्षी घेतलेल्या एमटी७९२१ च्या लॅपटॉपवर त्याला वाय-फाय दिसलेच नाही. डेबियन १२ जून २०२३ मध्ये ६.१ कर्नलसह आले आणि आरटीएल८८५२बीई या चिपचा आधार फेब्रुवारीत आलेल्या ६.२ मध्ये होता. एका आकड्याने चुकामूक झाली. स्थिर वितरण आपला कर्नल मुद्दामच आधी गोठवते, म्हणून नवा लॅपटॉप आणि स्थिर वितरण ही जोडी वायरलेसच्या बाबतीत अडचणीची ठरते.

उपाय वितरणानेच दिलेला असतो. डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स विभागातून नवा कर्नल आणि नवे फर्मवेअर घेता येते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर एचडब्ल्यूई नावाचा पुढचा कर्नल मिळतो. फेडोरा आणि आर्च यांचे कर्नल सतत पुढे सरकत असतात. हे मार्ग संपल्यावरच बाहेरच्या ड्रायव्हरकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॉगमध्ये फर्मवेअर सापडले नाही असे लाल अक्षरांत येते. ते बिघाडाचे कारण असेल का?

बहुतेक वेळा नसते. इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर आपल्याला समजणारी सर्वांत वरच्या क्रमांकाची फर्मवेअर फाइल आधी मागतो, ती नसेल तर एक-एक क्रमांक खाली उतरतो. प्रत्येक न सापडलेल्या फाइलीसाठी ‘फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ उमटते. त्यानंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ आली असेल, तर आधीच्या ओळींकडे दुर्लक्ष करावे. ती ओळ आलीच नसेल, तर मात्र फर्मवेअरचे पॅकेज बसलेले नाही. डेबियनमध्ये अशी पॅकेजे १२ व्या आवृत्तीपासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात आहेत. जुन्या आवृत्तीवरून सुधारणा करत आलेल्यांच्या सोर्सेस यादीत तो विभाग नसतो, आणि मग फर्मवेअर नकळत जुनेच राहते.

खरी काळजीची ओळ वेगळी आहे: ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’. याचा अर्थ कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम कोसळला आणि ड्रायव्हरने तो पुन्हा सुरू केला. वापरणाऱ्याला ते काही सेकंद नेट थांबल्यासारखे जाणवते. अशा वेळी फर्मवेअरचे पॅकेज अद्ययावत करावे. अद्ययावत केल्यावरच हा दोष सुरू झाला असेल, तर पॅकेज व्यवस्थापकाकडून मागची आवृत्ती बसवावी, इनिटरामएफएस (बूट होताना सुरुवातीला लोड होणारी फाइल) नव्याने तयार करावे आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करावा, कारण नुसत्या रीस्टार्टने काही कार्डांची वीज तुटत नाही आणि त्यांची आतली अवस्था तशीच राहते.

वाय-फाय तुटत नाही, पण अडखळत चालते. वीजबचतीचा संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत आधी तपासण्यासारखी गोष्ट हीच आहे. राउटर साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे आपली ओळख सांगणारा छोटा संदेश, पाठवतो. वीजबचत चालू असलेले कार्ड दोन बीकनच्या मधल्या काळात झोपते आणि आपल्यासाठी काही आले आहे का, हे पुढच्या बीकनमध्ये पाहते. राउटर, फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांचे एकमत असेल तर हे कळतही नाही. एकमत नसेल तर पिंग शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जाते, एसएसएचमध्ये (दूरच्या संगणकाच्या टर्मिनलवर) टाइप केलेली अक्षरे थबकत उमटतात, व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो, आणि मोठी फाइल उतरवताना मात्र सगळे सुरळीत वाटते, कारण सतत काम असताना कार्डाला झोपायला वेळच मिळत नाही.

‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० गेट पॉवर_सेव्ह’ या कमांडने सद्यस्थिती कळते. ‘गेट’ च्या जागी ‘सेट’ आणि शेवटी ‘ऑफ’ लिहून, सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने), वीजबचत तात्पुरती बंद करता येते. राउटरचे पिंग चालू ठेवूनच हा बदल करावा. आकडे त्याच क्षणी खाली येऊन स्थिर झाले तर कारण सापडले. बदल कायम करण्यासाठी नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या ‘कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये एक फाइल करून तिच्या ‘कनेक्शन’ विभागात ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’ लिहावे. येथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. उबुंटूमध्ये याच फोल्डरात ३ लिहिलेली तयार फाइल आढळते, तेव्हा तिच्यातला आकडा बदलणे अधिक सरळ.

एवढ्याने भागले नाही तर ड्रायव्हरच्या आतल्या वीजबचतीकडे जावे. इंटेलच्या आयडब्ल्यूएलएमव्हीएम मोड्यूलला ‘पॉवर_स्कीम’ नावाचा पर्याय आहे. मुळात तो २ असतो, १ केल्यास कार्ड कायम जागे राहते. रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८८ मध्ये दोन स्वतंत्र पर्याय आहेत: कोअर मोड्यूलचा ‘डिसेबल_एलपीएस_डीप’ आणि पीसीआय मोड्यूलचा ‘डिसेबल_एएसपीएम’. दुसरा पर्याय रेडिओच्या नव्हे, तर कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या पीसीआय एक्सप्रेस दुव्याच्या वीजबचतीचा आहे. काही लॅपटॉपवर रिअलटेकच्या कार्डामुळे अख्खा संगणकच गोठतो, त्यामागे हा दुवा असतो. मीडियाटेकच्या एमटी७९२१ई मोड्यूललाही ‘डिसेबल_एएसपीएम’ हा पर्याय आहे. हे पर्याय ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरातल्या फाइलीत ‘ऑप्शन्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत लिहितात. आपल्या मोड्यूलला कोणते पर्याय आहेत हे ‘मॉडइन्फो -पी’ सांगते. ते न पाहता इतरांच्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या तर नसलेला पर्याय कर्नल सोडून देतो आणि आपल्याला वाटते की उपाय करून झाला.

सगळे पर्याय एकदम लावू नयेत. एक बदल करावा, दिवसभर वापरून पाहावा, फरक नसेल तर तो काढून पुढचा करावा. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये यातल्या प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागते.

जोडणी तुटली त्या क्षणी काय घडले, हे लॉगमधून कसे वाचावे?

‘जर्नलसीटीएल -एफ’ चालू ठेवावे किंवा तुटल्याची वेळ लिहून ठेवून नंतर त्या वेळेच्या आसपासच्या ओळी काढाव्यात. कर्नलच्या आणि डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या (राउटरशी पासवर्डची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोग्रामच्या) अशा दोन्ही ओळी एकत्र वाचणे आवश्यक आहे.

समजा, ओळ अशी आहे: ‘डब्ल्यूलॅन०: डीऑथेंटिकेटिंग फ्रॉम … बाय लोकल चॉइस (रीझन: ३=डीऑथ_लीव्हिंग)’. यातले ‘बाय लोकल चॉइस’ हे शब्द महत्त्वाचे. राउटरने बाहेर काढलेले नसून आपल्याच संगणकाने जोडणी सोडली आहे. सप्लिकंटच्या ओळीत तीच गोष्ट ‘लोकली_जनरेटेड=१’ अशी दिसते. मग प्रश्न हा की आपल्या बाजूने ती कोणी सोडली. दोन ओळी वर जाऊन पाहावे: तेथे दुसऱ्या राउटरकडे किंवा अॅक्सेस पॉइंटकडे जाण्याचा प्रयत्न दिसेल, संगणक झोपी जात असल्याची नोंद असेल, किंवा नेटवर्कमॅनेजरला आयपी पत्ता वेळेत न मिळाल्याने त्याने माघार घेतलेली असेल. एकाच संगणकावर दोन नेटवर्क व्यवस्थापक चालू असले, उदाहरणार्थ नेटवर्कमॅनेजर आणि जोडीला सुटा डीएचसीपीसीडी, तरीही अशीच ओढाताण दिसते.

ओळ ‘डीऑथेंटिकेटेड फ्रॉम’ अशी असेल, तर निर्णय राउटरचा होता. कारणाचा क्रमांक ४ असेल तर राउटरला संगणकाकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. वीजबचतीकडे परत जावे. ७ असेल तर राउटर या संगणकाला ओळखायचे विसरला आहे, जे राउटर मध्येच रीस्टार्ट झाल्यावर होते. १५ म्हणजे पासवर्डच्या देवाणघेवाणीतल्या चार टप्प्यांपैकी एखादा वेळेत पुरा झाला नाही. नव्याने जोडताना हा क्रमांक आला तर पासवर्ड तपासावा, चालू जोडणीत आला तर सिग्नल तपासावा. १६ म्हणजे गटाची किल्ली बदलताना उत्तर आले नाही. अनेक राउटरांत ही किल्ली दर ३६०० सेकंदांनी बदलते, म्हणून वाय-फाय जवळपास बरोबर तासातासाने तुटत असेल तर सर्वांत आधी १६ शोधावा. ड्रायव्हर झोपेत असताना किंवा त्याच्या गटसंदेश हाताळण्यात दोष असताना हे घडते. राउटरमध्ये ती मुदत वाढवल्यास त्रास कमी होतो, मात्र दोष ड्रायव्हरमध्ये तसाच राहतो आणि तो कळवायला हवा.

‘बीकन लॉस’ किंवा ‘कनेक्शन लॉस’ असे शब्द आले तर आपल्या कार्डाला राउटर ऐकू येईनासा झाला, एवढाच त्यांचा अर्थ. त्याची कारणे पुढच्या प्रश्नात आहेत.

दोष ड्रायव्हरचा नसून हवेतल्या गर्दीचा आहे, हे कसे ठरवावे?

‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक’ या कमांडने सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ च्या आसपास सगळे नीट चालते. उणे ८० च्या खाली गेल्यास कोणताही ड्रायव्हर मदत करू शकत नाही. जाड दगडी भिंतींचे जुने घर असो की काँक्रीटच्या स्लॅबखालची वरची-खालची खोली, ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तेथे लवकर थकतात.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये अडचण वेगळी आहे. एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल तेथे आहेत, आणि सदनिकांच्या इमारतीत त्यांवर डझनभर राउटर बोलत असतात. ब्लूटूथही याच पट्ट्यात असते. इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले की यूएसबी ३ च्या जोडण्यांतून निघणारा गोंगाटही याच पट्ट्यात पडतो. बाहेरची हार्ड डिस्क लावली की वाय-फाय ढासळत असेल, तर ती दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून पाहावी. छोटा यूएसबी अडॅप्टर असेल तर त्याला हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून दूर करावे. हा उपाय इतका साधा आहे की तो कोणी करत नाही.

देशाच्या नियमांचाही येथे संबंध येतो. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ दिल्यावर ‘कंट्री आयएन’ दिसायला हवे. तेथे ‘००’ असेल, तर कर्नल सर्व देशांत चालेल असा किमान नियम धरून चालतो आणि काही चॅनेलांवर स्वतःहून बोलत नाही, केवळ ऐकतो. परदेशातून आणलेला राउटर आपल्या बीकनमधून जुन्याच देशाचे नाव सांगत असतो, आणि काही कार्डे त्यावर विश्वास ठेवतात. अशा राउटरचा प्रदेश त्याच्या सेटिंगमध्ये बदलता येत असेल तर बदलावा. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, पण त्याआधीचा नियमसंच बाळगणाऱ्या जुन्या प्रणालींवर त्यातले काही चॅनेल दिसत नाहीत. ‘वायरलेस-रेगडीबी’ हे पॅकेज अद्ययावत असणे त्यासाठी आवश्यक आहे.

५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटरला आधी रडारचा कानोसा घ्यावा लागतो. वीज जाऊन आल्यावर राउटर अशा चॅनेलवर चालू झाला, तर किमान एक मिनिट ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसतच नाही. मध्येच रडारसारखे काही जाणवले, तर राउटर चॅनेल सोडून दुसरीकडे जातो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात मी राउटर ३६ ते ४८ पैकी एका चॅनेलवर बांधून ठेवण्याचा सल्ला देईन.

कर्नल अद्ययावत झाला आणि वाय-फाय नाहीसेच झाले. आता काय करावे?

बाहेरून बसवलेला ड्रायव्हर असेल तर हे अपेक्षितच आहे. ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर याचे ठळक उदाहरण. कंपनीने त्याची ६.३०.२२३.२७१ ही आवृत्ती २०१५ मध्ये काढली. तेव्हापासून कर्नल बदलत गेला आणि वितरणांचे कार्यकर्ते ठिगळे लावून तो जिवंत ठेवत आले आहेत. असे ड्रायव्हर डीकेएमएसच्या मदतीने प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने घडवले जातात. त्या कर्नलचे हेडर पॅकेज बसलेले नसेल, किंवा नव्या कर्नलमधल्या बदलामुळे घडवणे फसले, तर नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हरच नसतो. ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहावे. तोवर बूट होताना ग्रब या बूट मेनूच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून मागचा कर्नल निवडावा. मागचा कर्नल कधीही काढून टाकू नये, तो यासाठीच ठेवायचा असतो.

घडवणे यशस्वी झाले, पण मोड्यूल लोड करताना ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असे आले, तर सिक्युअर बूट (फक्त सही असलेले मोड्यूल चालू देणारी व्यवस्था) आड येत आहे. मोड्यूलवर स्वतःच्या किल्लीने सही करून ती किल्ली ‘मोकयुटिल’ ने नोंदवणे हा योग्य मार्ग आहे. सिक्युअर बूट बंद करणे सोपे खरे, पण सुरक्षिततेचा एक थर त्यामुळे जातो.

ड्रायव्हर कर्नलमधलाच असेल आणि तरीही नव्या कर्नलवर बिघडला, तर तो कर्नलमधला नवा दोष आहे. जुन्या कर्नलवर चालते आणि नव्यावर चालत नाही, अशी खात्री दोन्हीकडे तपासून करावी आणि वितरणाकडे कळवावे. जुन्या कर्नलवर महिनोन्महिने राहू नये, कारण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नव्यात येतात.

संकेतस्थळांवर रिअलटेकचे अनेक ड्रायव्हर विखुरलेले दिसतात. त्यातला एखादा बसवावा का?

आधी कर्नलमध्ये आधार आला आहे का ते पाहावे. यूएसबीवरच्या आरटीएल८८२२बीयू आणि आरटीएल८८२१सीयू या चिपांसाठी पूर्वी बाहेरचाच ड्रायव्हर लागे, ६.२ पासून आरटीडब्ल्यू८८ त्यांना सांभाळतो. तरीही लोक जुने मार्गदर्शन वाचून बाहेरचा ड्रायव्हर बसवतात, दोन ड्रायव्हर एकाच चिपवर हक्क सांगतात आणि अस्थिरता वाढते. आधी बसवलेला असेल तर ‘डीकेएमएस रिमूव्ह’ ने तो काढावा आणि ‘मॉडप्रोब.डी’ मधल्या ब्लॅकलिस्टच्या ओळीही पुसाव्यात, नाहीतर कर्नलमधला ड्रायव्हर अडवलेलाच राहतो.

झोपेतून उठल्यावर वाय-फाय परत येत नाही.

‘मॉडप्रोब -आर’ ने मोड्यूल काढून पुन्हा घालावे. त्याने परत आले तर दोष झोपेच्या वेळी कार्डाची अवस्था जपण्यात आहे, आणि बायोस व कर्नल अद्ययावत करणे हा पुढचा टप्पा. विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल तर विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येते.

सिग्नल राउटरशेजारी बसल्यावरच येतो, एरवी नाही.

आरटीएल८७२३बीई चिप असलेल्या काही लॅपटॉपमध्ये अँटेनाची तार एकाच टोकाला जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्या टोकाकडे ऐकत बसतो. त्या मोड्यूलचा ‘अँट_सेल’ हा पर्याय १ आणि मग २ करून पाहावा. फरक तत्काळ दिसतो.

राउटरवर डब्ल्यूपीए३ चालू केल्यापासून जुना लॅपटॉप जोडलाच जात नाही.

डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशा मिश्र रचनेत व्यवस्थापनाच्या संदेशांना संरक्षण देण्याची तडजोड व्हावी लागते, आणि काही जुन्या ड्रायव्हरांना ती जमत नाही. त्या जोडणीपुरते नेटवर्कमॅनेजरमध्ये ‘पीएमएफ’, म्हणजे हे संरक्षण, बंद करून पाहावे, किंवा राउटरवर अशा उपकरणांसाठी केवळ डब्ल्यूपीए२ चे वेगळे नाव ठेवावे.

सगळे करून झाले. कार्डच बदलावे का?

डेस्कटॉप किंवा कार्ड बदलता येणारा लॅपटॉप असेल, तर माझे उत्तर होय असे आहे. महिनाभर पर्याय चाळत बसण्यापेक्षा चांगला ड्रायव्हर असलेले कार्ड घेणे शहाणपणाचे. आधी जागा पाहावी: अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा एम.२ प्रकारची, २२३० आकाराची असते. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालतात, कारण त्यांचे अर्धे काम प्रोसेसरच्या बाजूला होते. एएमडीच्या लॅपटॉपसाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे. काही जुन्या लॅपटॉपचे बायोस ठरवून दिलेल्या कार्डांखेरीज इतरांना नाकारते, तेव्हा तेही आधी तपासावे. कार्डाला हात लावता येत नसेल तर मीडियाटेकच्या एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१एयू चिपचे यूएसबी अडॅप्टर घ्यावे, कारण त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. मात्र दुसऱ्या चिपसाठी कर्नल ५.१८ किंवा त्यापुढचा असावा.

मदत मागताना किंवा दोष कळवताना काय द्यावे?

वर सांगितलेल्या चार गोष्टी, वितरणाचे नाव, राउटरचे मॉडेल आणि चॅनेल, दोष कोणत्या कर्नलपासून सुरू झाला, आणि तुटण्याच्या दोन मिनिटे आधीपासून एक मिनिट नंतरपर्यंतचा अखंड लॉग. निवडक ओळी देऊ नयेत, कारण कारण बहुधा आपण गाळलेल्या ओळींतच असते. देण्याआधी नेटवर्कचे नाव आणि मॅक पत्त्यांचे शेवटचे तीन भाग झाकावेत. पत्त्यांचे पहिले तीन भाग तसेच ठेवावेत, कारण त्यांवरून राउटरचा उत्पादक ओळखता येतो. एकापेक्षा जास्त राउटर असतील तर प्रत्येक झाकलेल्या पत्त्याला वेगळे अक्षर द्यावे, म्हणजे संगणक एकाकडून दुसऱ्याकडे जात होता की एकालाच चिकटून होता, हे वाचणाऱ्याला दिसेल.